माळ्यावरची जागा

‘असू दे गं, लागेल कधीतरी!’ हे वाक्य मूळचं माझ्या सासूबाईंचं. पण खोटं कशाला बोलू? लग्नाला वर्ष झालं नाही तोच ते माझ्याही तोंडी बसलं. आइस्क्रीमचा रिकामा डबा, मिक्सरचं खोकं, मुलाची मोडकी तीनचाकी, एकाच कानाची कढई. हातात घ्यायचं, क्षणभर बघायचं आणि माळ्यावर सरकवायचं. डोळ्यांआड झालं की घर आवरलं!

आमचं घर सांगलीच्या गावभागात. कृष्णा जवळच, त्यामुळे पावसाळ्यात आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं, हे आमच्याकडे दूधवाल्यापासून सगळे एकमेकांना विचारत असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. पाणी उंबऱ्याला लागलं तशी आमची सामान वर चढवायची धांदल उडाली. ह्यांनी स्टुलावर चढून माळ्यावर हात घातला, तर तिथं तसूभर जागा नाही. खोकी, जुन्या गाद्या, बंद पडलेला कूलर. ते खाली काढायचं की खालचं वर टाकायचं? तेवढ्यात लाइट गेले. शेवटी अंगावरच्या कपड्यांनिशी मुलाला आणि सासूबाईंना घेऊन आम्ही विश्रामबागला नणंदेकडे गेलो.

परत आलो तेव्हा घरात घोटाभर चिखल होता. शिवणाचं मशीन, गव्हाची कोठी, लग्नाचा अल्बम, सगळं गेलं. कपाटाच्या खालच्या खणातल्या माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्राचा लगदा झाला होता. आणि माळ्यावर? आइस्क्रीमचे चौदा डबे, कोरडे ठणठणीत. सासूबाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, ‘‘बघ, माळ्यावरचं वाचलं!’’ त्या चिखलात उभं राहून मला हसू आलं आणि हसता हसता रडूही फुटलं.

तेव्हापासून मी ‘पसारा’ या शब्दाकडे जरा निराळ्या नजरेनं बघते. घर नीटनेटकं दिसावं, पाहुण्यांनी नावाजावं, हे तर आहेच. पण नको असलेली वस्तू हव्या असलेल्या वस्तूची जागा अडवून बसते, हे मला त्या दिवशी कळलं. पूर नसलेल्या गावातही कळायला हरकत नाही.

पहिला प्रयत्न साफ फसला. एका रविवारी सगळा माळा एकदम खाली काढला. संध्याकाळपर्यंत बैठकीच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. रात्री झोपायचं कुठं, म्हणून सगळं होतं तसं परत वर! मग मी एक खूणगाठ बांधली. शनिवारी माझी शाळा सकाळची असते. जेवणं आटोपली की अर्धा तास, फक्त एक खण किंवा एक फळी. जास्त नाही. आणि जे द्यायचं ठरलं, ते त्याच दिवशी घराबाहेर. दाराशी पिशवी भरून ठेवली की महिन्याभरात तिला पाय फुटतात आणि ती पुन्हा माळ्यावर जाते, हा माझा अनुभव आहे.

खरी अडचण वस्तूंची नव्हतीच, सासूबाईंची होती. ‘‘आई, हे टाकू का?’’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘राहू दे.’’ मग एकदा सहज म्हटलं, ‘‘आई, ही परात कुणाला देऊ या?’’ तर क्षणात म्हणाल्या, ‘‘पोळ्या करायला येते तिला दे, तिच्या मुलीचं लग्न आहे.’’ टाकायचं म्हटलं की जिवावर येतं, कुणाला द्यायचं म्हटलं की हात सुटतो! सुती लुगडी वाकळ शिवणाऱ्या बाईंकडे गेली. गाद्यांचा कापूस पिंजून दोन उशा झाल्या. फक्त पितळी बंबाला त्यांनी हात लावू दिला नाही. मीही हट्ट धरला नाही. आपल्या वस्तूंचा निकाल आपण लावावा, दुसऱ्याच्या वस्तू त्याला विचारून. ह्यांच्या जुन्या चार्जरच्या वायरींचा डबा मात्र अजून वादात आहे!

स्वयंपाकघरात एकच युक्ती कामाला आली. सगळे डबे आणि सगळी झाकणं जमिनीवर मांडून जोड्या लावल्या. अकरा झाकणं बिनडब्याची निघाली. औषधांच्या खोक्यात तर मुलाच्या बारशाच्या वेळचं सिरप सापडलं.

कागदांचं मात्र मनावर घेतलंच पाहिजे. प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळवताना मारलेले खेटे मी विसरलेले नाही. आता घराचे कागद, पॉलिसी, पासबुकं, दाखले एकाच घट्ट झाकणाच्या डब्यात, माळ्याच्या अगदी पुढच्या कडेला. आधार क्रमांक असलेल्या झेरॉक्स बारीक फाडते, मगच रद्दीत.

आणि मैत्रिणींनो, एक कबुली. दुसऱ्यांच्या घरातली अडगळ आपणच वाढवतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या चाळण्या नि डब्या वाटल्या. मी दिलेला मोरपंखी खण तर दोन वर्षं गावभर फिरून माझ्याच ओटीत परत आला! आता वाण म्हणून आपल्या सांगलीची हळद देते, पाव किलो. वापरली की संपली.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या वेळी माळा निम्म्याहून अधिक रिकामा होता. दीड तासात नवं मशीन, गव्हाची पोती, मुलाची पुस्तकं, टीव्ही, सगळं वर गेलं. सासूबाई खालून एकेक वस्तू हातात देत होत्या. शेवटी त्या फ्रिजकडे बघून म्हणाल्या, ‘‘बंब दिला असता तर बरं झालं असतं नाही?’’

बंब अजून तिथंच आहे. दर मे महिन्यात पावसाळ्याआधी मी माळा झाडते, बंब पुसते आणि जागेवर ठेवते. गेल्या खेपेला बंबामागे आइस्क्रीमचे तीन डबे सापडले, एकात एक घालून जपून ठेवलेले. तिघांचीही झाकणं होती, म्हणून मी काही बोलले नाही.