आम्लांची नावे

चिंच, कैरी किंवा लिंबू जिभेवर ठेवताच तोंड आंबट होते. ‘अम्ल’ या संस्कृत शब्दाचा अर्थ आंबट असाच आहे आणि ‘अ‍ॅसिड’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचाही अर्थ तोच. परंतु प्रयोगशाळेतील तीव्र आम्ले कातडी जाळून टाकतात. त्यांची चव घेऊन पाहणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. ती बाटलीवरील नावावरूनच ओळखावी लागतात. म्हणून आम्लाचे नाव नेमके असणे अत्यंत अगत्याचे असते.

पूर्वी ही नावे सुचतील तशी ठेवली जात. हिराकस खूप तापवून जो दाट द्रव मिळे, त्याला युरोपातील किमयागार ‘व्हिट्रिऑलचे तेल’ म्हणत. मिठापासून केलेले आम्ल म्हणजे ‘मिठाचा अर्क’ आणि रुपे विरघळविणारे ते ‘जोरदार पाणी’! वास्तविक पहिले तेल नव्हते आणि शेवटचे नुसते पाणी नव्हते. पदार्थात काय आहे, हे या नावांवरून मुळीच कळत नसे.

हा गोंधळ मिटविण्यासाठी फ्रान्समधील लव्हाझिए आणि त्याचे तीन सहकारी यांनी १७८७ साली नामकरणाची एक पद्धती प्रसिद्ध केली. नावातच पदार्थाचे घटक सांगावेत, हे तिचे सूत्र होते. गंधकापासून दोन आम्ले होतात. ज्यात ऑक्सिजन अधिक, ते सल्फ्यूरिक. ज्यात कमी, ते सल्फ्यूरस. शेवटी ‘इक’ की ‘अस’, एवढ्यावरून भेद कळतो. मराठीत रूढ असलेले ‘गंधकाम्ल’ हे नाव सुटसुटीत खरे. पण हा भेद त्यात दिसत नाही.

पुढे १८१३-१४ च्या सुमारास स्वीडनमधील बर्झेलियस याने मूलद्रव्यांसाठी अक्षरे योजिली आणि नावाला सूत्राची जोड मिळाली. हायड्रोजनचे अक्षर एच, गंधकाचे एस व ऑक्सिजनचे ओ. सल्फ्यूरिक आम्लाच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन, गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. म्हणून त्याचे सूत्र एच२एसओ४. सल्फ्यूरस आम्लात ऑक्सिजनचा एक अणू कमी, म्हणून एच२एसओ३. हे अंक अक्षराच्या किंचित खाली, लहान आकारात लिहितात. अणू एकच असेल तर अंक लिहीत नाहीत.

मात्र या सुंदर पद्धतीत एक चूक दडलेली होती. गंधक आणि फॉस्फरस जाळून होणारे पदार्थ पाण्यात मिसळले की आम्ले तयार होतात, हे लव्हाझिएने पाहिले होते. त्यावरून त्याने ठरविले, की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे. ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थच मुळी ‘आम्ल उत्पन्न करणारा’ असा आहे. मिठाच्या आम्लातही तो असणार, आणि त्यापासून निघणाऱ्या हिरवट वायूत तर अधिकच असणार, असे मानले गेले.

इंग्लंडमधील हंफ्री डेव्ही याने मात्र खात्री करून घेण्याचे ठरविले. त्याने त्या हिरवट वायूत कोळशाचा तुकडा विजेच्या साहाय्याने पांढराशुभ्र होईतो तापविला. वायूत ऑक्सिजन असता, तर कोळशाने तो ओढून घेतला असता. तसे काहीच घडले नाही! १८१० साली डेव्हीने जाहीर केले, की तो वायू हे एक मूलद्रव्यच आहे. त्याच्या रंगावरून डेव्हीने त्याला ‘क्लोरीन’ हे नाव दिले. मिठाच्या आम्लात केवळ हायड्रोजन व क्लोरीन असतात. म्हणून ते हायड्रोक्लोरिक आम्ल आणि त्याचे सूत्र एचसीएल. ज्या आम्लात हायड्रोजनबरोबर ऑक्सिजन नसून असे दुसरे एकच मूलद्रव्य असते, त्याच्या नावाला आरंभी ‘हायड्रो’ जोडतात.

आम्लाला आम्लपण देणारा घटक हायड्रोजन आहे, हे पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. ते ऐकायला लव्हाझिए नव्हता. फ्रान्समधील राज्यक्रांतीत १७९४ साली त्याचा शिरच्छेद झाला होता. त्याची नामकरणाची पद्धती टिकली, त्याची चूकही ‘ऑक्सिजन’ या नावात टिकून राहिली. मराठीत त्याच वायूला ‘प्राणवायू’ म्हणतात आणि ते नाव खोटे ठरलेले नाही. नाव देणारा कितीही थोर असो, त्या नावाची परीक्षा अखेर प्रयोगच करतो.