वाळूवरची शाळा

लॅन्डिडनो हे वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं हवापालटाचं गाव. १८६८च्या उन्हाळ्यात तिथे सुट्टीला आलेल्या लंडनच्या जोसाया स्पायर्स यांनी वाळूत खेळणारी मुलं गोळा केली. देवाच्या प्रेमाविषयी तीन शब्दांचं एक वाक्य त्यांनी वाळूत मोठ्या अक्षरांत आखलं आणि मुलांना ते शिंपल्यांनी, समुद्रशेवाळाने सजवायला सांगितलं. अक्षरं भरत आली तशी गोष्टही सुरू झाली. त्या काळी चर्चमध्ये मुलांनी बाकावर हात बांधून मोठ्यांचं प्रवचन ऐकायचं असे. स्पायर्स खाली बसले आणि मुलांच्या हातांना काम दिलं, एवढाच काय तो फरक. तो किती मोठा होता, हे त्यांना तरी तेव्हा कळलं असेल का, कोण जाणे. आदल्याच वर्षी, १८६७ मध्ये, लंडनमध्ये सुरू झालेल्या चिल्ड्रन्स स्पेशल सर्व्हिस मिशनने ही रीत उचलली आणि पुढची कित्येक दशकं इंग्लंडच्या किनाऱ्यांवर प्रवचनासाठी वाळूचे ओटे उभे राहत गेले.

अमेरिकेत गरज निराळी होती. न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला स्थलांतरितांची दाट वस्ती, शाळा बंद, मुलं दिवसभर रस्त्यावर. १८९८ मध्ये एलायझा हॉज या बाईंनी त्यांच्यासाठी उन्हाळी वर्ग काढला तो चक्क भाड्याने घेतलेल्या बिअर हॉलमध्ये! गाणी, बायबलमधली गोष्ट, पाठांतर, हस्तकला, खेळ असा त्यांचा बेत होता. १९०१पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी त्याची चळवळ केली आणि ‘व्हेकेशन बायबल स्कूल’ हे नाव जगभर गेलं.

आपल्याकडे ते ‘व्हीबीएस’ म्हणून आलं. परीक्षा संपल्या की मे महिन्यात, चर्चच्या ओसरीत, सकाळी दोन-तीन तास. आमच्या वेळी फलालीनचा फळा असे. कागदी चित्राच्या पाठीला फलालीनचा तुकडा चिकटवायचा, की ते फळ्याला धरून राही. पण वर पंखा. एका वर्षी बायबलमधला दावीद गोफण फिरवायला लागायच्या आतच, ज्याला त्या गोफणीने लोळवायचं तो धिप्पाड गल्याथ उपडा पडला आणि बाईंनी त्याला पुन्हा उभा करेपर्यंत आम्ही हसून लोळलो. ती गोष्ट मला आजही तशीच, म्हणजे पंख्यासकट, आठवते. शेजारच्या चाळीतली हिंदू मुलंही यायची. सरबत आणि बिस्किटांसाठी येतात असं मोठी माणसं म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. आम्हीही काही निव्वळ वचनं पाठ करायला जात नव्हतो.

मुलांच्या ख्रिस्ती निवासी शिबिरांची वाट वेगळी. ई. जे. एच. नॅश या पाळकांनी १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये शिबिरं सुरू केली ती ठरवून बड्या खासगी शाळांतल्या मुलांसाठी. उद्याचे पुढारी आजच वळवले की देश वळेल, असा हिशेब. डॉर्सेटमधल्या आयवर्न मिन्स्टर गावावरून ती ओळखली जाऊ लागली. जॉन स्टॉट यांच्यासारखे नामवंत प्रवचनकार तिथून घडले, हा हिशेब काही अंशी जमल्याचा पुरावाच. पण याच शिबिरांच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष झालेला बॅरिस्टर जॉन स्मिथ तिथे भेटलेल्या मुलांना आपल्या घरी, बागेतल्या शेडमध्ये नेऊन रक्त येईपर्यंत छड्या मारत होता. १९८२ मध्ये अंतर्गत अहवाल झाला. पोलिसांकडे कोणी गेलं नाही. १९८४ मध्ये तो झिंबाब्वेला गेला आणि तिथेही मुलांची शिबिरं घेऊ लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या चर्चने नेमलेल्या चौकशीचा मॅकिन अहवाल आला, तोवर स्मिथ मरून सहा वर्षं झाली होती. पीडितांची संख्या शंभरावर. तरुणपणी याच शिबिरांत काम केलेले इंग्लंडच्या चर्चचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना त्या अहवालानंतर पायउतार व्हावं लागलं.

वाळूवरच्या त्या शाळेत येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही सगळं दिसत होतं. आयवर्नची ताकद होती ती निवडक असण्यात, घरापासून लांब असण्यात, आपसातल्या विश्वासात. आणि नेमकं तेच स्मिथच्या पथ्यावर पडलं. आता इंग्लंडच्या चर्चमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्याची आधी पोलिसी नोंद तपासतात, एकट्या मोठ्या माणसाने मुलाला बंद खोलीत नेऊ नये असे नियम आहेत.

आमच्या ओसरीला असले नियम नव्हते. बारा वाजले की कुणाची तरी आई दारात उभी असायची, आणि दार लावायचा प्रश्नच नव्हता. आत फार उकडायचं.