गिअरबॉक्स उघडायच्या आधी

पुण्या-मुंबईत दहा-बारा वर्षं वापरून झालेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या आहेत. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात अशी एखादी गाडी रेस घेते पण ओढत नाही, गिअर बदलताना झटका मारते, असं झालं की एकच वाक्य कानावर येतं: ‘गिअरबॉक्स गेला.’ हे निदान घाईचं आहे आणि मालकाला भलत्याच खर्चात घालणारं आहे. स्लिप होणं आणि झटका बसणं ही लक्षणं झाली. रोग बऱ्याचदा त्याहून स्वस्त असतो.

‘ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या आतून सारख्याच’ हा पहिला गैरसमज. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत जी एएमटी आणली, तिच्यात गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट नेहमीच्या मॅन्युअल गाडीसारखीच असते. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. ती स्लिप होत असेल तर आधी क्लच प्लेटवर संशय घ्यावा. प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून नव्या क्लचची ओळख यंत्रणेला करून द्यावी लागते, नाहीतर नवी प्लेट असूनही झटके राहतात. दोन गिअरांच्या मध्ये गाडी क्षणभर थबकते, तो मात्र एएमटीचा स्वभाव आहे. जुन्या आय-टेन, ए-स्टार, रिट्झच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. जुन्या होंडा सिटीच्या सीव्हीटीत दोन पुली आणि पोलादी पट्टा असतो. जोरात पाय दिला की तिच्या इंजिनाचा आवाज आधी चढतो, वेग मागून येतो. त्याला स्लिप समजू नये.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत निम्मं निदान तेलातच सापडतं, आणि गैरसमजही तिथेच जास्त आहेत. ‘कमी झालं असेल, चालायचंच’ असं म्हणतात. पण हे तेल इंजिनात जळत नाही. कमी झालं याचा अर्थ कुठून तरी गळतंय: पॅनचं पॅकिंग, कूलरचे होज किंवा अ‍ॅक्सलचं सील. पातळी पाहायची ती गाडी चालवून तेल गरम झाल्यावर, सपाट जागेवर. इंजिन चालू ठेवून पाहायचं की बंद करून, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून गाडीचं पुस्तक बघा. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवा. स्वच्छ तांबडा असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच जळत आल्या आहेत. गुलाबी दुधासारखा दिसला तर रेडिएटरमधून कूलंट तेलात मिसळतंय. अशी गाडी पुढे चालवूच नका. तेल जास्त भरणंही वाईट: त्याला फेस येतो, दाब पडतो आणि गाडी पुन्हा स्लिपच होते.

‘जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो’ हे तर सर्रास सांगितलं जातं. खरी गोष्ट अशी, की बरेच जण गाडी स्लिप व्हायला लागल्यावरच तेल बदलतात. तोवर क्लच झिजलेल्या असतात आणि दोष नव्या तेलावर जातो. खूप जुन्या गाडीत मशीन लावून जोरात फ्लश करू नये, हे मला मान्य आहे. साधं पॅनचं तेल काढून तेवढंच भरावं. त्यात सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडी गाडी चालवून हेच पुन्हा करावं. पॅन उघडला की आतलं मॅग्नेट बघा. करड्या रंगाची बारीक पेस्ट नेहमीचीच असते, पण धातूचे तुकडे दिसले तर काम मोठं आहे. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल, कधीही टाकू नका.

चेक इंजिनचा दिवा नाही म्हणजे बिघाड नाही, असंही नसतं. आणि दिवा लागून ‘पी ०७००’ कोड आला, तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे तक्रार नोंदलेली आहे. खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये वाचावा लागतो. नुसतं इंजिन वाचणारा स्वस्त स्कॅनर तिथवर पोचत नाही. बॅटरीची वायर काढून लावली की गाडी दोन दिवस बरी चालते, कारण कंट्रोलरने शिकलेलं पुसलं जातं. बिघाड तिथेच असतो, उलट कोडही पुसला जातो.

मेकॅनिकला नेमकं सांगा. सगळ्याच गिअरांत स्लिप होते की एकाच? सगळ्यांत होत असेल तर तेल, फिल्टर, पंप. एकाच गिअरात असेल तर त्या गिअरची क्लच किंवा सोलेनॉइड. फक्त ‘डी’ किंवा ‘आर’ला टाकताना धक्का बसतो? मग इंजिनाचं माउंटिंग तुटलंय का, आयडल वाढलंय का, ते आधी पाहायला सांगा. इंजिन मिसफायर करत असेल तरी दोष गिअरबॉक्सवरच येतो.

आणि गाडी रस्त्यात बंद पडलीच, तर दोरी बांधून नगरपर्यंत टोचन करून नेऊ नका. कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं रस्त्यावर फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलाविना घासले जातात. गाडी फ्लॅटबेडवर चढवा. ते मिळत नसेल तर पुढची चाकं उचलून न्या.