वनौषधी आणि कृमींची जनुके

भारतीय वैद्यकाला कृमींचा परिचय फार जुना आहे. परंतु तो शत्रू म्हणून. वावडिंग, पळसाच्या बिया आणि किरमाणी ओवा ही जंतांवरील औषधे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. कृमिनाशक द्रव्यांमध्ये आयुर्वेदाने वावडिंगाला अग्रस्थान दिले आहे. किरमाणी ओव्यातील सँटोनिन हे द्रव्य एकोणिसाव्या शतकात शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे ते पोटातील गोल जंतांवर जगभर दिले जात असे. अशा स्थितीत वनस्पतींतील औषधी द्रव्ये कृमीला खाऊ घालून त्याचे आयुष्य वाढते की काय, हे पाहण्यात आज अनेक प्रयोगशाळा गुंतल्या आहेत, असे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेतही अश्वगंधेतील द्रव्यांवर अशा प्रकारचे काम झाले आहे.

हा कृमी मात्र जंतांपैकी नव्हे. ‘सीनोऱ्हॅब्डिटिस एलेगन्स’ असे त्याचे शास्त्रीय नाव असून तो कुजणाऱ्या पालापाचोळ्यात व फळांत सूक्ष्मजंतू खाऊन राहतो आणि कोणालाही उपद्रव देत नाही. त्याची लांबी जेमतेम एक मिलिमीटर असते. १९६३ साली सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिज येथे त्याची निवड केली, ती त्याच्या साधेपणामुळे. त्याचे शरीर काचेसारखे पारदर्शक असते. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत पोहोचण्यास त्याला सुमारे तीन दिवस लागतात, आणि दोन-तीन आठवड्यांत त्याचे आयुष्य संपते. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात, जननपेशी वगळता, नेमक्या ९५९ पेशी असतात. त्यांतील ३०२ मज्जापेशी होत. १९९८ साली त्याच्या सर्व जनुकांचे वाचन जवळजवळ पूर्ण झाले. बहुपेशीय प्राण्यांत हा मान प्रथम या क्षुद्र जीवाला मिळाला, मनुष्याला नव्हे.

जनुके म्हणजे पेशीत जपून ठेवलेल्या सूचना होत. या कृमीच्या प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुके असतात. परंतु सगळी एकाच वेळी कामाला लागलेली नसतात. जे प्रथिन हवे असेल, त्याच्या जनुकाची आरएनएच्या रूपाने नक्कल काढली जाते आणि त्या नकलेवरून प्रथिन घडते. कोणत्या जनुकाच्या नकला काढायच्या व किती काढायच्या, हे काही नियंत्रक प्रथिने ठरवितात. जनुक ‘सक्रिय’ झाले असे म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच की त्याच्या नकला भराभर निघू लागल्या. जनुकातील मजकूर त्यामुळे बदलत नाही. औषधी वनस्पतीने जनुके बदलली असे विधान कोठे आढळल्यास ते या अर्थानेच घ्यावयाचे असते.

ही सक्रियता डोळ्यांनी पाहण्याची एक सुंदर युक्ती शास्त्रज्ञांच्या हाती आहे. एका जेलीफिशच्या शरीरात हिरवा प्रकाश देणारे प्रथिन असते. १९९४ साली मार्टिन चॅल्फी यांनी त्याचे जनुक या कृमीत बसविले, तेव्हा जिवंत कृमीच्या काही मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकू लागल्या. ज्या जनुकाचा अभ्यास करावयाचा, त्याच्या नियंत्रक भागाला हे प्रकाशाचे जनुक जोडले की काम झाले. मूळ जनुक सक्रिय होण्याची परिस्थिती येताच कृमी उजळतो.

आता अक्रोडाचे उदाहरण घेऊ. अक्रोडाच्या हिरव्या सालीपासून ज्युग्लोन नावाचे द्रव्य मिळते. झाडाला त्याचा उपयोग आसपासच्या वनस्पतींची वाढ रोखण्यासाठी होतो. अक्रोडाची साल उत्तर भारतात ‘दंदासा’ या नावाने दात घासण्यासाठी विकली जाते. कृमीला ज्युग्लोनची मोठी मात्रा दिली, तर त्याच्या पेशींत ऑक्सिजनपासून होणारे दाहक पदार्थ साठतात आणि काही तासांतच तो मरतो. मात्रा अगदी अल्प ठेवली, तर तो मरत नाही. उलट त्याचे आतडे हिरवे चमकू लागते. येथे जीएसटी-४ या जनुकाला प्रकाशाची जोड दिलेली असते, आणि या जनुकापासून बनणारे प्रथिन विषारी पदार्थ निकामी करण्याच्या कामी येते.

हे जनुक जागे करणाऱ्या नियंत्रक प्रथिनाचे नाव एसकेएन-१ असे आहे. ज्या भ्रूणांत हे प्रथिन नसते, त्यांत अन्ननलिकेच्या जागी त्वचेच्या जादा पेशी तयार होतात. त्यावरून त्वचेसाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे हे संक्षिप्त नाव पडले. प्रौढ कृमीत त्याचे काम अगदी निराळे असते. एरवी आतड्याच्या पेशी त्याला तयार होताच नष्ट करीत राहतात. पेशीवर संकट आले की ही नासधूस थांबते, एसकेएन-१ पेशीकेंद्रात साठते आणि विषहारक जनुकांचा एक मोठा समूह एकदम कामाला लागतो. २०१० साली जर्मनीतील संशोधकांना असे आढळले की, ज्युग्लोनच्या अल्प मात्रेवर वाढलेले कृमी इतरांपेक्षा अधिक काळ जगतात. वनस्पतीने कृमीला येथे काही पौष्टिक दिलेले नाही. तिने त्याला किंचित विषबाधा केली. दीर्घायुष्य आले ते कृमीच्या स्वतःच्या प्रतिकारातून.

मात्र कोणत्या जनुकाने हे घडविले, हे केवळ त्याची सक्रियता वाढलेली पाहून सांगता येत नाही. आग लागलेल्या ठिकाणी लोक जमतात. म्हणून त्यांपैकी प्रत्येक जण आग विझवितो असे नाही. यासाठी उत्परिवर्ती कृमी वापरावे लागतात, म्हणजे असे कृमी की ज्यांत एखादे विशिष्ट जनुक निकामी झालेले आहे. ज्युग्लोनच्या वरील प्रयोगात डीएएफ-१६ हे जनुक निकामी असता आयुष्य वाढले नाही. हे जनुक या क्षेत्रात सुप्रसिद्ध आहे. १९९३ साली सिंथिया केन्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएएफ-२ या एकाच जनुकातील बिघाडाने कृमीचे आयुष्य दुप्पट होते असे दाखविले, आणि त्यासाठी डीएएफ-१६ शाबूत असावे लागते हेही दाखविले.

हळदीची कथा मात्र वेगळी निघाली. तैवानमधील संशोधकांनी २०११ साली हळदीतील कर्क्युमिन कृमींना दिले, तेव्हा त्यांचे आयुर्मान वाढले. डीएएफ-१६ निकामी असलेल्या कृमींतही ते वाढले. एसकेएन-१ निकामी असता मात्र वाढले नाही. एकाच फळाकडे नेणाऱ्या दोन वाटा वनस्पतींनी अशा निरनिराळ्या चोखाळलेल्या दिसतात. त्याच प्रयोगात कृमींच्या शरीराच्या आकारात आणि अन्न गिळणाऱ्या घशाच्या स्पंदनांतही फरक आढळला. ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही. कमी खाणारा कृमी अधिक जगतो, हे स्वतंत्रपणे सिद्ध झालेले आहे. कडवट द्रव्याने कृमीने अन्नच कमी घेतले असेल, तर त्या यशाचे श्रेय उपासाला द्यावे की औषधीला, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रयोगात उभा राहतो.

याहून सूक्ष्म एक अडचण आहे. कृमीचे अन्न म्हणजे जिवंत जंतू, आणि औषधी द्रव्य त्यांच्यावरही परिणाम करते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध गलेगा या युरोपीय वनौषधीतील द्रव्याच्या अभ्यासातून पुढे आले. त्याने कृमी अधिक काळ जगतात; पण २०१३ साली असे सिद्ध झाले की, या परिणामाचा मोठा भाग जंतूंच्या चयापचयातील बदलामुळे घडतो. औषध जंतूने घेतले आणि लाभ कृमीला झाला. रेस्व्हेराट्रॉल या द्राक्षातील द्रव्याबाबत तर घाईच झाली होती, असे म्हणावे लागते. ते एसआयआर-२.१ या जनुकामार्फत कृमीचे आयुष्य वाढविते, असे २००४ साली जाहीर झाले आणि त्याच्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. २००७ साली दुसऱ्या प्रयोगशाळेने तीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा कधी थोडा लाभ दिसला, कधी मुळीच दिसला नाही. हे जनुक जादा प्रमाणात असलेले कृमी दीर्घायुषी असतात, हा आधारही २०११ साली डळमळला. त्या कृमींत दुसरेच एक उत्परिवर्तन दडलेले सापडले.

मनुष्याच्या पेशींत एसकेएन-१ चा एक भाऊबंद आहे. त्याला एनआरएफ-२ म्हणतात. त्यालाही त्याचा पहारेकरी सदैव नष्ट करीत असतो, आणि कर्क्युमिन त्या पहारेकऱ्याला चिकटून त्याचे काम थांबवू शकते, हे काचपात्रात वाढविलेल्या पेशींत दिसून आले आहे. परंतु कृमी दिवसरात्र त्या द्रव्यातच वावरतो. मनुष्याने खाल्लेल्या हळदीतील कर्क्युमिन फारच थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचे आतडे व यकृत लगोलग रूपांतर करून टाकतात. हे रूपांतर करणाऱ्या विकरांमध्ये काही असे आहेत की, त्यांची जनुके जागी करण्याचे काम एनआरएफ-२ च करते.