ऐकले खरे; कळवले का?

‘पॉडकास्ट’च्या अखेरीस होणाऱ्या एका विनंतीमागचे कारण

पोशीर हे कर्जत तालुक्यातले गाव. गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याने आधी नेरळ गाठायचे आणि तिथून पुढे लोकलने दीड तासाहून अधिक प्रवास करायचा, हा इथला परिपाठ. कर्जत, बदलापूरकडून मुंबईकडे धावणाऱ्या गाड्यांत एकेकाळी वर्तमानपत्रांच्या घड्या, भजनी मंडळांचे टाळ आणि पत्त्यांचे डाव यांचे राज्य होते. ते अद्याप पुरते गेलेले नाही. मात्र त्यांच्या जोडीला आता कानात इयरफोन घालून शांत बसलेले प्रवासीही मोठ्या संख्येने दिसतात. कोणी गाणी ऐकत असतो, कोणी कथा, तर कोणी ‘पॉडकास्ट’.

पॉडकास्टचा भाग संपत आला की निवेदक एक ठरावीक विनंती करतो : ‘कार्यक्रम आवडला असेल तर तारे द्या, दोन ओळींचा अभिप्राय लिहा.’ तोवर दादर आलेले असते. फोन खिशात जातो, श्रोता गर्दीत मिसळतो आणि विनंती हवेत विरते. अनेकांना ती केवळ उपचार वाटते, काहींना आर्जव, तर काहींना चक्क भीक. प्रत्यक्षात या विनंतीने काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घेतले तर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकेल.

आकडा म्हणजे श्रोता नव्हे

‘पॉडकास्ट’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ या दैनिकातील बेन हॅमर्स्ली यांच्या लेखात प्रथम आला. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या ‘आयट्यून्स’मध्ये पॉडकास्टची सोय केली आणि हा प्रकार सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचू लागला. त्यामागची यंत्रणा साधी आहे. निर्माता ध्वनिमुद्रित भाग एका संगणकावर ठेवतो. नवा भाग आल्याची वर्दी निरनिराळ्या अ‍ॅपना आपोआप मिळते आणि श्रोता आपल्या सोयीने तो ऐकतो किंवा फोनवर उतरवून घेतो.

या सोयीतच निर्मात्याची अडचण दडलेली आहे. रंगमंचावरच्या नटाला टाळी ऐकू येते, कीर्तनकाराला समोरच्या माना डोलताना दिसतात. पॉडकास्ट करणाऱ्यासमोर मात्र असते ती फक्त मायक्रोफोनची जाळी. त्याच्या हाती येतो तो आकडा. भाग किती वेळा उतरवला गेला, याचा. पण उतरवलेला भाग ऐकला गेलाच, असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅपलने ‘आयओएस १७’ या प्रणालीत एक बदल केला. श्रोत्याने ऐकणे थांबवलेल्या कार्यक्रमांचे भाग आपोआप उतरवून घेण्याला त्याने आळा बसला. त्यानंतर अनेक कार्यक्रमांचे आकडे लक्षणीय घसरले. श्रोते घटले नव्हते. कोणीही न ऐकता फोनमध्ये साठत राहिलेले भाग मोजणीतून गळाले होते.

अ‍ॅपकडून याहून थोडी अधिक माहिती मिळते. श्रोत्यांनी भाग कुठे सोडून दिला, ते कोणत्या शहरांतले आहेत, वगैरे. परंतु त्यांनी तो का सोडला आणि जे राहिले ते कशासाठी राहिले, हे कोणताही आलेख सांगत नाही. ते श्रोत्यानेच सांगावे लागते.

तारे आणि क्रमवारी

या विनंतीविषयी एक गैरसमज निर्माते आणि श्रोते या दोघांमध्येही रूढ आहे. भरपूर तारे मिळाले की कार्यक्रम लोकप्रियतेच्या यादीत वर चढतो, असे मानले जाते. अ‍ॅपलने निर्मात्यांना दिलेल्या माहितीनुसार तसे घडत नाही. या कंपनीची क्रमवारी तीन गोष्टींवर बेतलेली असते : कार्यक्रम किती ऐकला जातो, किती जण त्याला ‘फॉलो’ करतात आणि भाग शेवटपर्यंत ऐकण्याचे प्रमाण किती. मानांकन आणि अभिप्राय त्यात धरले जात नाहीत.

मग तारे हवेत कशाला? त्यांचा उपयोग यंत्रापेक्षा माणसाला अधिक आहे. एखाद्या कार्यक्रमाचे नाव कोणाकडून तरी कानावर येते, श्रोता तो शोधतो आणि क्षणभर थबकतो. वीस-पंचवीस मिनिटे यावर खर्च करावीत की करू नयेत? त्या क्षणी त्याच्यासमोर चित्र, शीर्षक आणि निर्मात्याने स्वतःच लिहिलेली ओळख असते. स्वतःची ओळख कोणीही चांगलीच करून देतो. अभिप्राय हे मात्र तिऱ्हाइताचे म्हणणे असते, म्हणून त्याला वजन येते.

हे वजन लहान कार्यक्रमाच्या बाबतीत अधिक जाणवते. समजा, पोशीर परिसरातल्या एखाद्या तरुणाने आपल्या भागावर पॉडकास्ट सुरू केला. सांगण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने तयार केलेले भाताचे वाण आहेत, ठाकर आणि कातकरी समाजांची बोली आहे, उल्हास नदीला मिळणारी पोशीर नदी आहे. त्या नदीवरच्या धरण प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याचे पाणी मुंबई महानगर प्रदेशासाठी आहे. म्हणजे तिथल्या गावांत काय बोलले जाते, हे जाणून घेण्याचे कारण शहरातल्या वाचकालाही आहे. असा कार्यक्रम देशाच्या लोकप्रियतेच्या यादीत येणे कठीण. सिनेमातल्या प्रसिद्ध व्यक्तींच्या मुलाखतींशी त्याची स्पर्धा होऊच शकत नाही. तो पसरेल तो एकाने दुसऱ्याला सांगितल्यानेच. लिखित अभिप्राय म्हणजे हेच सांगणे. फक्त ते अनोळखी माणसालाही ऐकू जाते आणि पुसले जात नाही.

पोस्टकार्डाची परंपरा

श्रोत्याने उत्तर द्यावे, ही अपेक्षा काही इंटरनेटसोबत आलेली नाही. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९ हजार पत्रे आल्याचे निवेदक अमीन सायानी सांगत. तेव्हाच्या बिहारमधले, आता झारखंडमध्ये असलेले झुमरी तिलैया हे गाव देशाला माहीत झाले ते तिथल्या श्रोत्यांच्या पत्रांमुळे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावे आणि गावे वाचली जात. आपले नाव रेडिओवर आले, हा घराघरात आनंदाचा विषय असे. पोस्टकार्ड लिहिणे, ते पेटीत टाकणे आणि मग आठवडेच्या आठवडे कान टवकारून बसणे, एवढा खटाटोप त्यामागे होता. आज बोटाच्या एका स्पर्शाचाही कंटाळा येतो, हा विरोधाभासच म्हणायचा.

परंतु याहून महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला होता आणि तो आज बराचसा विस्मरणात गेला आहे. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या साह्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने मराठी भाषक ५ जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. कॅनडात १९४१ पासून चाललेल्या अशाच उपक्रमावरून ही कल्पना घेतली होती. प्रत्येक मंडळात साधारण २० जण असत. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. रेडिओ बंद झाला की मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या विषयावर चर्चा होई. त्यातून निघालेले प्रश्न आणि मते केंद्राला कळवली जात, आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. पॉल न्यूरथ यांनी त्यात श्रवणमंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. कार्यक्रम तेच होते, लहरी त्याच होत्या. फरक होता तो ऐकल्यानंतर बोलण्याचा आणि कळवण्याचा. त्यामुळेच १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

पॉडकास्टच्या श्रोत्याला या प्रयोगातून एक धडा घेता येईल. अभिप्राय लिहिणे हे निर्मात्यावर केलेले उपकार नव्हेत. ऐकलेल्या वीस मिनिटांतून आपल्या पदरात काय पडले, हे दोन वाक्यांत मांडायला बसले की ते स्वतःलाही नीट उमगते. न मांडलेले बहुधा पुढच्या स्थानकापर्यंतही टिकत नाही.

कुठे आणि कसे लिहावे?

प्रत्येक अ‍ॅपची पद्धत निराळी आहे. अ‍ॅपलच्या पॉडकास्ट अ‍ॅपमध्ये कार्यक्रमाच्या मुख्य पानावर खाली गेल्यास पाचपैकी तारे देता येतात आणि लिखित अभिप्रायही नोंदवता येतो. हे अभिप्राय देशवार दिसतात. अमेरिकेतील मराठी कुटुंबाने तिथल्या खात्यावरून लिहिलेला मजकूर तिथल्या श्रोत्यांसमोर येतो, भारतातल्यांसमोर नाही. साहजिकच परदेशस्थ मराठी श्रोत्याच्या दोन ओळी त्या देशातल्या दुसऱ्या मराठी माणसासाठी मोलाच्या ठरतात. ‘स्पॉटिफाय’ने डिसेंबर २०२१ मध्ये पॉडकास्टना तारे देण्याची सोय केली, मात्र कार्यक्रम ऐकल्याखेरीज ते देता येत नाहीत. जुलै २०२४ मध्ये तिथे भागांवर टिप्पणी लिहिण्याची सोय आली. ‘यूट्यूब’वर टिप्पण्यांचा रिवाज आधीपासूनच आहे.

येथे मराठी निर्मात्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भारतात बहुसंख्य लोकांच्या हाती अँड्रॉइड फोन आहेत, आणि अ‍ॅपलचे पॉडकास्ट अ‍ॅप त्या फोनसाठी नाही. अमेरिकी निवेदकांचे अनुकरण करून ‘अ‍ॅपलवर अभिप्राय लिहा’ असे सांगितले, तर बहुतेक श्रोत्यांसाठी ते निरर्थक ठरते. आपला श्रोता जिथे आहे, तिथलीच वाट त्याला दाखवावी. ई-मेलचा पत्ता दिला तरी चालेल.

आता प्रश्न लिहायचे काय, हा. ‘खूप छान’, ‘मस्त’, ‘असेच चालू ठेवा’ या शब्दांत आपुलकी असते, पण माहिती नसते. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘कर्जतकडच्या भातशेतीविषयीचा कार्यक्रम. भाग साधारण वीस मिनिटांचे. पाहुण्यांची बोली सुरुवातीला अवघड जाते, पण निवेदक मध्ये समजावून सांगतो. लावणीवरचा भाग आधी ऐकावा. पाहुण्यांचा आवाज मात्र बारीक येतो.’ यात विषय आहे, लांबी आहे, सुरुवात कुठून करावी ते आहे आणि उणीवही आहे. नव्या श्रोत्याला निवड करता येते आणि निर्मात्याला पुढच्या वेळी पाहुण्याजवळ मायक्रोफोन सरकवता येतो. अशा मजकुरासोबत पाचाऐवजी चार तारे आले, तरी त्याचे मोल अधिकच. अभिप्राय मराठीतच लिहावा, हेही ओघाने आलेच. कारण तो वाचणारा बहुधा मराठी श्रोताच असणार.

मागण्याचीही रीत असते

जबाबदारी केवळ श्रोत्याची नाही. भाग सुरू होण्याआधीच तारे मागणे म्हणजे पंगतीला बसण्यापूर्वीच जेवण कसे झाले, असे विचारणे. दर भागात तीच विनंती त्याच शब्दांत केली, तर कान ती आपोआप गाळतात. त्यापेक्षा नेमका प्रश्न विचारावा : आजच्या विषयावर आणखी एक भाग हवा का? तुमच्या गावी या अवजाराला काय म्हणतात? नेमक्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे असते. शिवाय आलेल्या अभिप्रायांतला एखादा पुढच्या भागात वाचून दाखवावा. ‘आपली आवड’ची सारी किमया त्यातच होती, पत्र पोहोचल्याचे श्रोत्याला समजत असे.

तारे विकत घेणे, नातेवाइकांकडून घाऊक अभिप्राय लिहवून घेणे किंवा पाच ताऱ्यांच्या बदल्यात बक्षीस ठेवणे, हे प्रकार मात्र कटाक्षाने टाळावेत. ऑनलाइन अभिप्रायांतील खोटेपणा इतका वाढला, की भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे स्वतंत्र मानक आणले. सचोटी, अचूकता आणि पारदर्शकता ही त्यातली काही तत्त्वे. ते मानक प्रामुख्याने वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी असले, तरी त्यातला विवेक इथेही लागू पडतो. खोट्या ताऱ्यांनी फसलेला श्रोता पहिल्या दोन मिनिटांत निघून जातो आणि पुढच्या वेळी खऱ्या ताऱ्यांवरही विश्वास ठेवत नाही.

मराठीत श्राव्य कार्यक्रम करणाऱ्यांपैकी अनेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून, पदरमोड करून ते करत असतात. असे कार्यक्रम बंद पडतात ते नेहमीच पैशाअभावी नव्हे. आपण बोलतो ते कोणाच्या कानी जाते की नाही, हे न कळल्यानेही उमेद खचते. श्रोते असतात, ते मन लावून ऐकतातही. फक्त ते कळवत नाहीत. नेरळ ते दादर हा प्रवास पुरेसा लांब आहे. त्यातली शेवटची दोन मिनिटे अभिप्रायासाठी राखून ठेवली, तर सकाळी ज्याचा आवाज सोबतीला होता, त्याला आपल्यासमोर माणसे बसलेली आहेत, एवढे तरी कळेल.