घरापासून कोसभर
(वाशीम जिल्ह्यातील रस्ते आणि दुचाकीस्वाराची सुरक्षितता)

सकाळी नऊच्या सुमारास रिसोड, मंगरूळपीर किंवा मानोरा गावाच्या वेशीवर थोडा वेळ उभे राहिले, तर जिल्ह्याच्या जीवनात मोटारसायकलने कोणते स्थान मिळविले आहे, याची सहज कल्पना येते. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून कोणी येतो, कोणाच्या मागे फवारणीचा पंप असतो, तर कोणी पत्नी आणि मुलाला घेऊन दवाखान्याकडे निघालेला असतो. शिक्षक, ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती यांचीही वाटचाल याच वाहनावर चालते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या काळात एके काळी बैलगाडी आणि सायकल जे काम करीत, त्यातील मोठा भाग दुचाकीने उचलला आहे.

या सोयीची किंमतही मोठी आहे. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होत्या. शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट, न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांतील १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते, केवळ मागे बसलेले होते. या शेवटच्या आकड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

हेल्मेट हे लांबच्या प्रवासाचे साधन आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. अकोल्याला जायचे असेल तर ते घातले जाते. शेतातून घरी यायचे किंवा तालुक्याच्या बाजारात जायचे तर ते खुंटीला राहते आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळला जातो. परंतु बहुसंख्य दुचाकीस्वारांचा बहुतेक प्रवास याच आखूड अंतरांचा असतो. रस्ता पायाखालचा आहे, या विश्वासाने वेग वाढतो आणि सावधपणा कमी होतो.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या टी. ई. लॉरेन्स यांचा मृत्यू या दृष्टीने लक्षात घेण्यासारखा आहे. १३ मे १९३५ रोजी ते इंग्लंडमधील आपल्या घराकडे मोटारसायकलवरून परत येत होते. अंतर फार तर कोसभर आणि रस्ता रोजचाच होता. रस्त्याच्या उतारामुळे पुढे असलेली दोन सायकलस्वार मुले त्यांना वेळेवर दिसली नाहीत. मुलांना चुकविताना लॉरेन्स फेकले गेले, डोक्याला जबर मार बसला आणि सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली तो प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सर्वसामान्य नागरिकांसाठी मात्र तेथेही कायदा होण्यास १९७३ साल उजाडावे लागले.

नजरेचा पल्ला

लॉरेन्स यांच्या अपघातातील मूळ कारण आपल्या रस्त्यांवरही रोज हजर असते. जेवढा रस्ता दिसतो त्यापेक्षा गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून ब्रेकवर हात-पाय पडेपर्यंत हा एक सेकंद जातोच. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक लागले तरी आणखी २३ मीटर, म्हणजे एकूण ४० मीटर अंतर लागते. वेग ४० किलोमीटर असेल तर हेच अंतर साधारण २१ मीटर, म्हणजे जवळपास निम्मे होते. रस्ता ओला असल्यास दोन्ही आकडे बरेच वाढतात. रात्री मोटारसायकलच्या खालच्या झोताचा प्रकाश साधारणतः तीस-चाळीस मीटरपर्यंतच उपयोगी पडतो. म्हणजे अंधारात साठच्या वेगाने जाणाऱ्याला, पुढे दिवा नसलेली ट्रॉली उभी असेल, तर ती दिसूनही टाळता येईलच असे नाही.

ब्रेकविषयी एक गैरसमज खेडोपाडी पक्का आहे. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, म्हणून अनेकजण केवळ मागच्या ब्रेकवर विसंबतात. वस्तुतः गाडी थांबू लागताच तिचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबविण्याचे अधिक काम तेच चाक करते. दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता वापरणे ही खरी पद्धत होय. चिखल, वाळू किंवा वळण असेल तेथे वेग आधीच कमी केलेला असावा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या सर्व नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक आणि त्यापुढील गाड्यांना चाक न अडकू देणारी ब्रेक यंत्रणा बंधनकारक झाली. त्यापूर्वीच्या गाड्या अजूनही मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत आणि त्यांची सारी भिस्त चालकाच्या हातावर आहे.

हंगामाबरोबर बदलणारा रस्ता

जिल्ह्यातील रस्त्याचे रूप शेतीच्या हंगामाप्रमाणे पालटते. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो. त्यावर पावसाची पहिली सर पडली की तो साबणासारखा होतो. साईडपट्टी खचून डांबराची कड उंच राहिलेली असते. समोरून मोठे वाहन आले म्हणून खाली उतरलेली दुचाकी त्याच वेगाने वर चढविण्याच्या प्रयत्नात आडवी होते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी सुरू होते. खळ्यासाठी जागा नसली की शेंगा किंवा दाणे रस्त्याच्या अर्ध्या भागावर वाळत पडतात आणि भोवती दगडांची रांग मांडली जाते. सोयाबीनचा गोल दाणा चाकाखाली छऱ्यासारखा सरकतो. माल उचलल्यावर दगड तेथेच राहतात आणि रात्रीच्या वाहनांना ते दिसत नाहीत. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, यात शंका नाही. पण दगड उचलून बाजूला टाकण्यास त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. गावोगावी सामाईक वाळवणीची जागा झाल्यास हा प्रश्न मुळातच सुटेल.

रात्री आणि पहाटे रोही व रानडुकरे पिकांकडे जाताना रस्ता ओलांडतात. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या परिसरात तर वन्यप्राण्यांचा वावर गृहीतच धरावयास हवा. एक रोही गेला की वेग वाढविण्याची घाई करू नये, कारण हे प्राणी बहुधा कळपाने असतात. चैत्रात रामनवमीच्या सुमारास पोहरादेवीकडे येणाऱ्या भाविकांची गर्दी मानोरा तालुक्यातील रस्त्यांवर असते आणि त्यांत पायी चालणारेही पुष्कळ असतात.

नव्या रुंद रस्त्यांनी वेगळाच प्रश्न उभा केला आहे. अकोला-वाशीम-हिंगोली राष्ट्रीय महामार्गावर दुभाजक आल्यापासून, पुढे जाऊन वळून येण्याऐवजी चुकीच्या बाजूने शेतापर्यंत जाणारे दुचाकीस्वार दिसतात. वाचते ते अंतर थोडे आणि समोरून येते ते संपूर्ण वेगातील वाहन. मालेगाव, मंगरूळपीर व कारंजा तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही.

मागे बसणाऱ्याचे डोके

पडताना डोके रस्त्यावर आदळले की कवटी थांबते, पण आतील मेंदू पुढे जाऊन तिच्यावर आपटतो. हेल्मेटच्या कठीण कवचाखाली थर्मोकोलसारखा जो जाड थर असतो तो अशा वेळी चेपला जातो आणि आघात शोषून घेतो. म्हणूनच एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे लागते. अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांनुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह नसलेल्या हेल्मेटच्या विक्रीस देशात मनाई आहे. तरीही रस्त्याकडेला स्वस्त टोप्या विकल्या जातात आणि केवळ दंड टाळण्यासाठी घेतल्याही जातात! पट्टा न बांधलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला डोक्यावरून निघून जाते, तेव्हा ते असून नसल्यासारखेच.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यासही हेल्मेट आवश्यक आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून चालकाला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली. आपल्याकडे घरात एकच हेल्मेट असते आणि ते घरधन्याच्या डोक्यावर असते. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या स्त्रीला धरावयास आधार कमी आणि पदर चाकात जाण्याची भीती अधिक. यासाठीच मागचे चाक निम्मे झाकणारी जाळी, हातपकड आणि पायटेकू गाडीला असलेच पाहिजेत, असा नियम आहे. ही जाळी ‘गाडीला शोभत नाही’ म्हणून काढून टाकणारे तरुण लग्नानंतर तरी ती परत बसवितात की नाही, कोण जाणे.

शाळेच्या फाटकाशी दुचाकी लावणारे नववी-दहावीचे विद्यार्थी हा शिक्षकांच्या दृष्टीने गंभीर विषय आहे. गिअरच्या मोटारसायकलची अनुज्ञप्ती वयाच्या १८ वर्षांपूर्वी मिळत नाही. २०१९ च्या सुधारणेतील कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, तसेच त्या मुलास २५ व्या वर्षापर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही. पालकसभेत हे एकदा वाचून दाखविले तरी पुष्कळ काम होते.

ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील कामेही थोडी नाहीत. वळणावरील बाभळीची झुडपे छाटली की समोरचा रस्ता दिसू लागतो. गतिरोधकावर पांढरे पट्टे नसतील तर रात्री तोच अपघाताला कारण होतो. गावातील प्रत्येक ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावण्याचा खर्च अगदी किरकोळ आहे.

अपघात घडलाच, तर जखमीला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून नेण्याची पद्धत घातक आहे. मान किंवा पाठीच्या कण्याला इजा असल्यास ती त्यामुळे वाढते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने अनेकजण पुढे येत नाहीत. परंतु कलम १३४-अ ने सद्हेतूने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे आणि त्याच्यावर आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत नामनिर्देशित रुग्णालयात विनारोकड उपचार मिळतात. अशी जवळची रुग्णालये कोणती, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येते.