आग मेंदूत, झळ अंगभर

पायात बाभळीचा काटा मोडला तर काय होते? ती जागा लाल होते, सुजते, ठणकते, हात लावला तर गरम लागते. यालाच शास्त्रात दाह म्हणतात. काटा पायात, दाहही पायात, सरळ हिशेब! पण दाह मेंदूत झाला तर हा हिशेब पार बदलतो.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहू. १९६५ साली नागपुरात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. तेथील एका ठिकाणाच्या नावावरून त्याला ‘चांदिपुरा’ म्हणतात. आकार बंदुकीच्या गोळीसारखा. रेबीजच्या विषाणूचा हा भाऊबंदच. कित्येक वर्षे त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला व त्यांपैकी १८३ दगावली, तेव्हा तपासात हाच विषाणू आढळला. २००७ साली नागपूर विभागातही त्याने मुलांना गाठले.

तो पसरवते वालुमाशी. ती डासाहूनही लहान असते व मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. आमच्या मंठ्याकडे अजून माळवदाची घरे आहेत आणि विदर्भाची हद्दही जवळच आहे. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही. लहान मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलट्या आणि झटके आले, तर अंगारे-धुपारे करीत बसू नये. तडक दवाखाना गाठावा. एक-दोन दिवसांतच सारे संपू शकते, आणि या विषाणूवर खास असे औषध नाही.

आता मूळ प्रश्न. विषाणू कवटीच्या आत, मग तळपायापर्यंत अंग का तापते?

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी असतात. विषाणूची चाहूल लागताच त्या इंटरल्यूकिन-६ यांसारखी रासायनिक द्रव्ये सोडतात. ही द्रव्ये म्हणजे जणू निरोपे. मेंदू व रक्त यांच्यामधली गाळणी दाहामुळे ढिली पडते, निरोपे रक्तात उतरतात आणि यकृत, प्लीहा, स्नायू अशा दूरदूरच्या ठिकाणी पोचतात. विषाणू स्वतः तेथे जाण्याची गरजच नाही!

तापाचे नियंत्रण मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे असते. विजेच्या इस्त्रीत तापमानाचे बटण असते ना? तसेच. निरोप मिळताच हे बटण ३७ अंशांवरून, समजा, ३९ वर सरकते. शरीराला आता ३७ अंश ‘थंड’ वाटतात, म्हणून हुडहुडी भरते. (मी पदार्थविज्ञानाचा मास्तर, गणित केल्याशिवाय राहवत नाही. २० किलोच्या मुलाचे अंग २ अंशांनी तापवायला सुमारे ३३ किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी २७ अंशांवरून ६० अंशांवर जाईल.)

मेंदूजवळ या आगीला आवर घालण्याचीही सोय आहे. त्याच्या हुकमावरून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात आणि ते दाह आवरते. दुसरी वाट व्हेगस या लांबलचक मज्जातंतूची. २००० साली अमेरिकेत केव्हिन ट्रेसी व सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांत हा तंतू विजेने चेतवला, तेव्हा दाह वाढवणारे एक द्रव्य रक्तात कमी झाले. पण मेंदूच आजारी पडला तर काय? मग ब्रेक लावणारा ड्रायव्हरच जायबंदी!

स्नायूंची गोष्ट त्याहून नवी आहे. २०२४ साली सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील आरन जॉन्सन यांच्या गटाने फळमाश्या व उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूत संसर्ग झाला की तेथून इंटरल्यूकिन-६ (माश्यांत त्याचा जुळा भाऊ) स्नायूंपर्यंत पोचते व तेथील मायटोकाँड्रियांचे, म्हणजे पेशींतल्या वीजघरांचे, काम मंदावते. स्नायू दिसायला शाबूत असतात, पण माशीला पूर्वीसारखे चढता येत नाही.